बुधवारची खोडी

बद्रीनाथ चुकला, असं एकतीस वर्षांत कुणी म्हटलेलं नव्हतं. म्हणायची कुणाची टाप नव्हती हा एक भाग, आणि तो खरोखरच चुकत नव्हता हा दुसरा. विद्यापीठाच्या दवाखान्यात कॅन्सरच्या पेशंटला किरणांचा उपचार देणारा एक विभाग आहे. गावाकडची माणसं त्या उपचाराला सरळ 'शेक' म्हणतात. तिथल्या दुपारच्या पाळीचा तो मुख्य टेक्नॉलॉजिस्ट. करमाडहून मोटारसायकलवर यायचा आणि दोनला पाच कमी असताना हात धुऊन मशीनपाशी हजर असायचा. किती शेक आणि कुठं, हे डॉक्टर कागदावर लिहितात; तो नेमका तिथंच पाडायचं काम ह्याचं.

आता दुपारची पाळी म्हणजे खेड्यांची पाळी. कन्नड-वैजापूरकडची बाई सकाळी भाकरी थापून, गुरांचं बघून एसटीत बसते, दुपारी पोचते, शेक घेऊन दिवेलागणीला घरी जाते. सकाळच्या पाळीला यायचं तर तिला शहरात खोली करावी लागणार. सहा-सहा आठवडे खोली कोण करतो? निम्मी माणसं उपचार सोडून घरी बसतील, हे सांगायला ज्योतिषी नको. अशी बत्तीस माणसं त्या पाळीला होती, आणि बद्रीनाथला त्यांची गावंसुद्धा पाठ होती.

जुलैमध्ये माशी शिंकली. बद्रीनाथचा जोडीदार राजीनामा टेकवून मस्कतला निघून गेला. विद्यापीठानं दोनदा जाहिरात दिली. पहिल्यांदा कुणी आलंच नाही. दुसऱ्यांदा एक जण आला, पगार ऐकला, चहा घेतला आणि गेला. मग पत्र आलं. पाळीला दोन पास झालेले टेक्नॉलॉजिस्ट पाहिजेत असा नियम आहे, आणि पुढच्या तीस जूनला बद्रीनाथही रिटायर होणार. तोवर दोन नवे तयार झाले तर ठीक, नाहीतर दुपारची पाळी बंद. मधल्या काळात सकाळचं कुणीतरी रोज थांबून वेळ निभावून न्यायचं.

विभागप्रमुख डॉ. उमा मॅडमनी त्याला बोलावून पत्र वाचून दाखवलं आणि सांगितलं की एक वर्षाच्या इंटर्नशिपला दोन मुलं येतायत, त्यांच्यावरच काय ती भिस्त आहे. बद्रीनाथनं पत्राकडं बघितलंसुद्धा नाही. वर्ष लई झालं मॅडम, म्हणाला, आठ महिन्यांत उभी करतो.

दोघं आली. वरद समर्थनगरचा, घरात दोन वकील आणि एक प्राध्यापक, त्यामुळं बोलण्यात कुणाला हार जाणारा नाही. संस्कृती हर्सूलची. मोठ्या माणसाचं बोलणं मध्येच तोडायचं नाही, अशा शेतकरी घरात वाढलेली पोर.

पहिल्या दिवशी बद्रीनाथनं त्यांना मशीनला हात लावू दिला नाही. पेशंटला नाव कसं विचारायचं, एवढंच शिकवलं. तुम्हीच अमुकबाई का, असं विचारायचं नाही. दवाखान्यात आलेला गावाकडचा माणूस घाबरलेला असतो, तो कशालाही 'व्हय' म्हणतो; उद्या त्याला तू कलेक्टर का म्हणून विचारलंत तरी व्हय म्हणेल. त्याचं नाव त्याच्या तोंडून घ्यायचं आणि मगच फाइल उघडायची. फाइलीतल्या फोटोत ठिपका बघायचा आणि मगच अंगावरचा ठिपका शोधायचा.

हा ठिपका म्हणजे ह्या कामाचा जीव. शेक रोज त्याच जागी पडावा म्हणून पहिल्याच दिवशी पेशंटच्या अंगावर सुईनं शाईचा तिळाएवढा ठिपका टोचतात, आणि दोन्ही बगलांना पेनानं फुल्या काढतात. लेसरच्या लाल रेघा भिंतीवरून येतात. त्या रेघा ह्या खुणांवर बसल्या की जागा बरोबर. फुली पुसली तर परत काढता येते. ठिपका मात्र कायमचा.

आणि एक वही होती. चूक होता होता वाचली की ती त्या वहीत जायची. चार रकाने: तारीख, काय झालं, कुणाच्या हातून, कुणी धरलं. चौथ्या रकान्यात बद्रीनाथचं नाव शंभरावर वेळा असेल. तिसऱ्यात एकदाही नव्हतं. हे तो आपण होऊन कुणाला सांगायचा नाही, पण नवा माणूस आला की वही वाचायला मात्र आवर्जून द्यायचा. समजायचं ते तो समजायचाच.

ऑगस्टपासून त्यानं बुधवारची खोडी सुरू केली. ही त्याची जुनी पद्धत. बुधवारी पाळी सुरू व्हायच्या आधी टेबलावर पेशंटच्या जागी पाण्यानं भरलेला प्लास्टिकचा ठोकळा ठेवायचा, त्यावर सगळी मांडणी करायची आणि त्यात मुद्दाम एक चूक करायची. रेघ अर्धा सेंटीमीटर सरकवायची, नाहीतर डाव्याचं उजवं करायचं. मग म्हणायचं, "चला बाहेर, दार लावा." ज्याला चूक दिसली त्यानं 'थांबा' म्हणायचं. जिवंत माणसावर मात्र खोडी नाही, कधीच नाही, हे त्यानं तीनतीनदा बजावलेलं.

वरदनं पहिल्याच बुधवारी थांबा म्हटलं. पुढच्याही म्हटलं. एकदा तर चूक नसतानाच म्हटलं, आणि बद्रीनाथ खूश झाला, कारण फुकट थांबलेलं त्याला चालायचं. संस्कृती मूग गिळून उभी. हात पाहावेत तर सोन्यासारखे. म्हातारीला टेबलावर निजवावं ते हिनं, काखेखाली उशी द्यावी ती हिनं. पेशंटशी गप्पा मारताना तर तिच्या तोंडाचा पट्टा थांबायचा नाही. कुणाच्या सुनेचं काय चाललंय, कुणाची म्हैस कधी विणार, सगळ्याची खबर तिच्याकडं. पण बद्रीनाथ समोर आला की दातखीळ बसायची.

डिसेंबरात तिची वही टेबलावर उघडी राहिली, आणि बद्रीनाथनं ती वाचली. वाचायला नको होती, पण वाचली. प्रत्येक बुधवारची तारीख होती आणि पुढं नीट अक्षरात काकांनी आज काय चुकीचं ठेवलं ते. एकही सुटलेली नव्हती. वरदच्या नजरेतून सुटलेल्या दोन चुकाही तिनं टिपल्या होत्या. बद्रीनाथच्या पायाची आग मस्तकात गेली. दिसत नसतं तर शिकवलं असतं. दिसतंय आणि बोलत नाही, त्याला काय करावं? त्या दिवशी तो तिला सगळ्यांदेखत वाट्टेल ते बोलला. ती मान खाली घालून ऐकत राहिली, आणि पुढच्या बुधवारी परत गप्प.

मार्चमध्ये त्यानं वरदच्या लॉगबुकात 'स्वतंत्रपणे काम करण्यास योग्य' असं लिहून सही केली. संस्कृतीचं पान कोरंच ठेवलं. एप्रिल गेला, मे आला, उन्हानं शहराची लाही व्हायला लागली, आणि उमा मॅडमचा धीर सुटला. त्या मवाळ बोलतात, पण मुद्दा सोडत नाहीत. मुलगी हुशार आहे, परीक्षेत पहिली आहे, एका सहीसाठी बत्तीस पेशंटांची पाळी बंद पडू द्यायची का, असं त्यांनी तोंडावर विचारलं.

"मॅडम, पाळी बंद पडली तर मला लई वाईट वाटंल," बद्रीनाथ म्हणाला. "पण जी थांबा म्हणत नाय, तिच्या हातात मी मशीनची किल्ली देणार नाय."

त्या रात्री तो जेवला नाही. बायकोनं, केसरबाईनं, काय झालं म्हणून खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. ती ताट झाकत म्हणाली की पोरीचं काय चुकलं? लग्नाला तेहेतीस वर्षं झाली, तुम्हाला थांबा म्हणायची माझी तरी कुठं छाती झाली? बद्रीनाथला राग आला. मग राग गेला आणि नुसतंच वाईट वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी त्यानं संस्कृतीला बाजूला घेऊन शक्य तेवढ्या मऊ आवाजात सांगितलं की मी तुला खात नाय, बोलत जा. तिनं मान हलवली. बुधवार आला, ठोकळा मांडला, ती गप्प.

जून उजाडला. विद्यापीठानं पाळीचं काय करायचं ते ठरवायला तात्यासाहेबांना पाठवलं. रिटायर प्राध्यापक, पांढरा सफारी, बोलणं कमी. ते आले चोवीस तारखेला. वार नेमका बुधवार.

सकाळी बद्रीनाथनं दाढी दोनदा केली. पाहुणे लवकर पोचल्यामुळं ठोकळ्याचं त्या दिवशी राहूनच गेलं. उमा मॅडम आणि तात्यासाहेब बाहेर कंट्रोल रूममध्ये बसले, आणि पहिला पेशंट आत आला. देवगाव रंगारीच्या मनकर्णाबाई. डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालेलं, शेकाचा तेरावा दिवस. सोमवारी-मंगळवारी नातीच्या लग्नात होत्या, विचारून सुट्टी घेतली होती. हळदीचं अंग म्हणून सुनेनं साबणानं घासून अंघोळ घातली, आणि बगलेच्या दोन्ही फुल्या धुऊन निघाल्या.

बद्रीनाथनं नाव त्यांच्या तोंडून घेतलं, तेवढं चुकला नाही. वरदनं फाइल पुढं केली. बाहेरच्या पडद्यावर तात्यासाहेब बघत होते, हे बद्रीनाथला पक्कं ठाऊक होतं, आणि आपण कसं काम करतो तेही त्यांना दिसावं असं त्याला वाटत होतं. त्यानं फाइल हातानं बाजूला सारली.

"ठिपका मीच टोचलाय," तो म्हणाला. "माझ्या हातचा ठिपका मला फोटोत बघायला लागतोय व्हय?"

गळ्याच्या खळीखाली ठिपका दिसला. त्यानं टेबल सरकवलं, रेघ त्यावर आणली, एका दमात बसवली. फुल्या नव्हत्याच, त्यामुळं अडवणारं दुसरं काही नव्हतं. बगलेला त्यानं नव्या फुल्या काढल्या, त्या अर्थातच रेघेवर बरोबर बसल्या. वरद आकडे वाचत होता. संस्कृती मनकर्णाबाईंचा हात उशीवर नीट ठेवत होती. ती एकदम थबकली, वाकून बघितलं, आणि काका, एक मिनिट, असं अगदी हळू म्हणाली. बद्रीनाथनं ऐकलं की नाही, देव जाणे. "चला बाहेर, दार लावा," म्हणत तो निघालासुद्धा.

जाड दार सरकत बंद झालं. वरद किल्लीपाशी बसला. बद्रीनाथ तात्यासाहेबांना काहीतरी समजावून सांगणार, तेवढ्यात संस्कृतीचा हात त्याच्या खांद्यावरून पुढं आला आणि लाल बटणावर पडला. शेक सुरू व्हायच्या आधीच मशीन बंद. सगळे दिवे लाल.

"थांबा," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेला.

बद्रीनाथ गर्रकन वळला. काय थांबा, असं तो जे ओरडला, तसं कुणावर ओरडला नसेल.

"ते गोंदण आहे काका. आपला ठिपका त्याच्या दोन बोटं खाली आहे. गोंदण हिरवं असतं, आपली शाई निळसर काळी. आजींनी लहानपणी जत्रेत गोंदून घेतलंय, मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं त्यांनी."

उमा मॅडमनी फाइल उघडली. फोटोत दोन्ही स्पष्ट दिसत होती: वर हिरवट गोंदण, खाली कातडीच्या घडीत तिळाएवढा काळा ठिपका. शेक दोन बोटं गळ्याकडं सरकला असता, आणि खाली जिथं पाहिजे तिथली पट्टी कोरडी राहिली असती.

तात्यासाहेबांनी चष्मा काढला आणि हे काय चाललंय म्हणून विचारलं. आणि वरदनं, त्या पोरानं, काकांवरच्या मायेनंच म्हणा, क्षणाचाही वेळ न घालवता उत्तर दिलं. सर, ही आमच्या काकांची बुधवारची परीक्षा आहे. दर बुधवारी काका मुद्दाम एक चूक करतात आणि आम्ही ती पकडायची असते. तात्यासाहेबांच्या चेहऱ्यावर कौतुक उमटलं. वा, म्हणाले, छानच पद्धत आहे.

बद्रीनाथला फक्त गप्प बसायचं होतं. बाकी सगळं आपोआप जुळून आलं असतं. पोरीची सही झाली असती, पाळी वाचली असती, तिसरा रकाना कोरा राहिला असता, आणि सहा दिवसांनी हार गळ्यात घालून घरी जाता आलं असतं. आणि खरं सांगितलं तर? जिथला मुख्य माणूसच फोटो न बघता काम करतो ती पाळी कशाला चालवायची, असं हा गृहस्थ लिहून गेला असता, आणि ते चूक म्हणता आलं नसतं. समोरच्या पडद्यावर मनकर्णाबाई हात वर करून तशाच निजल्या होत्या, जराही न हलता, कारण हलू नका असं ह्यानंच सांगितलं होतं.

"खोडी नव्हती साहेब," तो म्हणाला. "खोडी आम्ही ठोकळ्यावर करतो. माणसावर करत नाय. मी चुकलो."

वरदनं मान खाली घातली. बद्रीनाथ दार उघडून आत गेला, मागून बाकीचे. मनकर्णाबाईंनी नजर फिरवून विचारलं, झालं का वो भाऊ, आज लवकर झालं.

"नाय झालं मावशी. मी जागा चुकलो व्हतो. ह्या पोरीनं धरलं, म्हणून वाचलो."

म्हातारीनं त्याच्याकडं बघितलं, मग संस्कृतीकडं. घाबरेल, रडेल, सुनेला हाक मारेल असं सगळ्यांना वाटलं. तिनं यातलं काही केलं नाही.

"मंग हिलाच ठिव की मशीनीवर," ती म्हणाली. "आन हात लई दुखाया लागलाय, आटपा."

संस्कृतीनं फोटो हातात धरून ठिपका शोधला. रेघ तिनं बसवली, नव्या फुल्या पुसून परत काढल्या, आणि बद्रीनाथ बाजूला उभा राहून ती म्हणेल ते आकडे म्हणत राहिला. शेक झाला. मनकर्णाबाई एसटी गाठायला निघाल्या.

मग त्यानं वही काढली. तारीख त्यानंच टाकली. काय झालं ते आडपडदा न ठेवता चार ओळींत लिहिलं. तिसऱ्या रकान्यात आपलं पूर्ण नाव लिहिलं. चौथ्या रकान्याशी वही संस्कृतीकडं सरकवली आणि लिही म्हणाला. ती नको नको म्हणायला लागली. तुमच्या नावाशेजारी माझं नाव कसं लिहू, असं म्हणताना तिच्या डोळ्यात पाणी आलं.

"एक सांग," त्यानं विचारलं. "वर्षभर बुधवारी तुला सगळं दिसायचं. एकदा तोंड उघडलं नाय. मग आजच कसं?"

संस्कृतीनं पेन हातात घेतलं होतं. ह्या खेपेला त्यानं तिला घाई केली नाही.

"बुधवारी तुम्हाला माहीत असायचं काका," ती म्हणाली. "माहीत असलेल्या माणसाला काय सांगायचं? आज तुम्हाला माहीत नव्हतं."

एकतीस वर्षं बद्रीनाथ पोरांची परीक्षा घेत आला होता, आणि त्या परीक्षेत हे एवढं भोक होतं, ते त्याला आज ह्या हर्सूलच्या पोरीनं दाखवलं. त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ असा काही आनंद झाला की त्याला खुर्चीवर बसावं लागलं. उमा मॅडम हसून गुरूची विद्या गुरूलाच, असं काहीतरी म्हणाल्या, ते त्याला नीट ऐकूही आलं नाही.

तिनं नाव लिहिलं. तात्यासाहेबांनी चष्मा परत लावला, वही मागून घेतली आणि उभ्या उभ्या बराच वेळ मागची पानं चाळली. मग परत देऊन त्यांनी विचारलं की ह्या मुलीच्या लॉगबुकावर सही व्हायची राहिली आहे म्हणे. बद्रीनाथनं लॉगबुक मागवलं, कोरं पान उघडलं आणि 'स्वतंत्रपणे काम करण्यास योग्य' लिहून खाली सही ठोकली. तात्यासाहेबांनी ती सही वाचली, पाळीला दोन माणसं झाली म्हणायची, म्हणाले, आणि पुढचा पेशंट किती वाजता आहे म्हणून विचारलं.

पुढचा पेशंट केव्हाचा दारात उभा होता. बद्रीनाथनं खिशातून मशीनची किल्ली काढून संस्कृतीच्या हातात दिली. ती उठली, दारातल्या म्हाताऱ्याला हाताला धरून आत घेतलं, आणि फाइल न उघडता म्हणाली, "बाबा, तुमचं नाव तुम्हीच सांगा."